पृथ्वीच्या पोटातले थर : जास्त गरम असूनही आतला गाभा घट्ट का?

सईची_आई
नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. शाळेसाठी आम्ही मातीचा पृथ्वीगोल करतोय, कलिंगडाची फोड काढल्यासारखा एका बाजूने कापलेला. बाहेर चॉकलेटी भूकवच, मग लालभडक प्रावरण, आत केशरी बाह्यगाभा आणि मधोमध पिवळा अंतर्गाभा. पुस्तकात बाह्यगाभा द्रवरूप आणि अंतर्गाभा घनरूप असं दिलंय. रंगवता रंगवता तिने विचारलं, "आई, आत जावं तसं गरम होत जातं ना? मग बाहेरचा वितळलाय आणि त्याहून गरम असलेला आतला घट्ट कसा?"
मी ब्रश हातात धरून तशीच बसले. तेवढ्यात दुसरा प्रश्न आला, "आणि हे थर लावले कोणी?"
दोन्ही प्रश्न मला मनापासून आवडलेत आणि दोन्हींची नीट उत्तरं तिला द्यायची आहेत. जाणकारांनी मदत करा.

कुकरची_शिट्टी
पहिल्याचं उत्तर एका शब्दात: दाब. कुकरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास जातं. दाब वाढला की उकळायला जास्त उष्णता लागते. वितळण्याचंही तसंच.

दगडफोड्या
शिट्टीताईंनी मुद्दा बरोबर पकडलाय. मी नोकरीची सगळी वर्षं खडक तपासण्यात घालवली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
आपल्याकडे जमिनीवर लोखंड १५३८ अंशांना वितळतं. अंतर्गाभ्याच्या सीमेवर, म्हणजे साधारण ५१५० किलोमीटर खोलीवर, दाब आपल्या हवेच्या दाबाच्या तेहतीस लाख पट आहे. तिथे लोखंड वितळायला सहा हजार अंशांच्या आसपास तापमान लागतं. आत जाताना दोन गोष्टी वाढत जातात, तापमान आणि वितळणबिंदू. वितळणबिंदू जास्त झपाट्याने वाढतो. बाह्यगाभ्यात तापमान पुढे असतं, म्हणून तिथे लोखंड पातळ. ५१५० किलोमीटरवर वितळणबिंदू त्याला गाठतो आणि तिथून आत सगळं घट्ट. सईला दोन चढत्या रेघा काढून दाखवा, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे अंतर्गाभा सुरू होतो.
बाह्यगाभ्यात लोखंडाबरोबर गंधक, ऑक्सिजन, सिलिकॉन अशी हलकी मूलद्रव्यंही मिसळलेली आहेत. त्यांच्यामुळे वितळणबिंदू आणखी खाली येतो, बर्फावर मीठ टाकल्यावर होतो तसा.
आता गोलाबद्दल. प्रावरण लालभडक रंगवू नका. प्रावरण म्हणजे लाव्हाचा समुद्र, हा समज पुस्तकांतल्या चित्रांनीच पसरवलाय. प्रावरण घन खडकाचं आहे. लाखो वर्षांच्या हिशेबात ते हळूहळू सरकतं, पण आहे घट्टच. आणि त्याच्या वरच्या भागातलं मुख्य खनिज ऑलिव्हिन, त्याचा रंग हिरवा असतो.

सईची_आई
हिरवा! हे वाचून दाखवल्यावर सई उड्या मारतेय. मापं पण सांगाल का काका? आमचा गोल साधारण २५ सेंटिमीटर व्यासाचा आहे.

दगडफोड्या
मग एक सेंटिमीटर म्हणजे ५०० किलोमीटर धरा. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. अंतर्गाभ्याची गोळी मधोमध अडीच सेंटिमीटर त्रिज्येची. तिच्याभोवती बाह्यगाभा साडेचार सेंटिमीटर जाड. मग प्रावरण पावणेसहा सेंटिमीटर. आणि भूकवच जमिनीखाली साधारण ३५ किलोमीटर धरलं तर एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. समुद्राखाली ते पाच ते दहा किलोमीटरच आहे. तुम्ही बोटभर जाड कवच लावलं असेल तर काढून टाका, वरून नुसता रंगाचा हात पुरेल. डोंगर, दऱ्या, समुद्र, तुम्हीआम्ही, सगळं त्या रंगाच्या हातात मावतं.

थर_लावतो_आम्ही
थर कोणी लावले? आम्ही! घाटकोपरला गोविंदा पथकात होतो, चौथ्या थरापर्यंत उभा राहिलोय.
गंमत सोडा, पण दाबाची गोष्ट मला खांद्यांवरून माहीत आहे. खालच्या थरात दणकट माणसं, वर जाल तसं वजन कमी, टोकाला सहासात वर्षांचं पोर (आता नियमाने मोठं लागतं, ते बरंच झालं). सगळ्यात खाली उभ्या असलेल्याला हात हलवायलाही जागा नसते, एकमेकांचे दंड इतके घट्ट आवळलेले असतात. वरच्या थरातले मात्र डुलतात. अंगाला घाम सगळ्यांच्याच, पण हलू शकतो तो वरचाच. अंतर्गाभा म्हणजे आमचा तळाचा थर.

शंकासुर
उपमा छान, पण एक अडचण आहे. पृथ्वीच्या केंद्रात गुरुत्वाकर्षण शून्य असतं. तिथे वजनच नाही, तर दाब कुठून येणार?

थर_लावतो_आम्ही
तळाच्या माणसाचं स्वतःचं वजन शून्य धरा हो, वरच्यांचं तर आहे ना!

दगडफोड्या
अगदी हेच उत्तर आहे. केंद्रातल्या कणाला स्वतःला कुठल्याच बाजूला ओढ नाही. पण त्याच्या वर चहूबाजूंनी ६३७१ किलोमीटरचा ढिगारा आहे आणि त्यातला प्रत्येक थर केंद्राकडे ओढला जातोय. ते सगळं ओझं येऊन मधोमध भिडतं. म्हणून दाब तिथेच सर्वांत जास्त, सुमारे ३६ लाख वातावरणांइतका (एक वातावरण म्हणजे आपल्या हवेचा दाब).

शंकासुर
हे पटलं. पुढची शंका. रशियातल्या कोला इथलं विवर १२,२६२ मीटर गेलं आणि १८० अंश तापमानाला काम अडलं. माणूस बारा किलोमीटरच्या पुढे गेलेला नाही, मग ५१५० किलोमीटरवर घट्ट आहे की पातळ, हे इतक्या खात्रीने कसं सांगता?

पहाटेचा_भूकंप
भूकंपावरून. मी मूळचा पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आजीच्या कुशीत होतो. आजीने उचलून अंगणात आणलं एवढंच आठवतं, आणि आमच्या गोठ्याची पडलेली भिंत. त्या धक्क्याच्या लाटा जगभरातल्या भूकंपमापकांवर उमटल्या. प्रत्येक मोठा भूकंप पृथ्वीला असा आरपार वाजवतो. डॉक्टर पाठीवर बोटं ठोकून आतलं ओळखतात, तसंच हे.
याची सुरुवात भारतातून झाली हे फार जणांना ठाऊक नसतं. रिचर्ड ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १२ जून १८९७ ला शिलाँग-आसाम भागात महाभयंकर भूकंप झाला, त्याचा त्यांनी कसून अभ्यास केला. एकाच भूकंपातून वेगवेगळ्या जातीच्या लाटा निघतात आणि त्या वेगवेगळ्या वेळी पोचतात, हे त्यांनी नोंदींवरून वेगळं काढलं. १९०६ मध्ये त्यांनीच दाखवलं की पृथ्वीला गाभा आहे. पुढे असं दिसलं की आडव्या हेलकाव्याच्या लाटा गाभ्यातून जातच नाहीत. अशा लाटा द्रवातून जाऊ शकत नाहीत, म्हणून बाह्यगाभा पातळ.

नीता_सिडनी
आणि अंतर्गाभा एका बाईने शोधला, हे सईला आवर्जून सांगा! डेन्मार्कच्या इंगे लेहमान. १९२९ मध्ये न्यूझीलंडला भूकंप झाला, त्याच्या लाटा जिथे पोचायला नको होत्या तिथेही बारीकशा पोचल्या होत्या. बाकीच्यांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. यांनी नोंदी मांडून १९३६ मध्ये सांगितलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असला पाहिजे, त्याच्यावरून लाटा परततायत. १०४ वर्षं जगल्या.

सईची_आई
सईने गोलाच्या पुठ्ठ्यावर "इंगे लेहमान १९३६" असं लिहिलंसुद्धा, पिवळ्या गोळीकडे बाण काढून.
दुसरा प्रश्न मात्र अजून बाकी आहे. थर लागले कसे?

सह्यभटका
याचं उत्तर कुठल्याही गडावर दिसतं. राजगडाच्या वाटेवर समोरचा डोंगर पाहा, एकावर एक पायऱ्यांसारखे थर. मध्ये मध्ये तांबडी पट्टी. पृथ्वी अशीच थराथराने बनत गेली.

पहाटेचा_भूकंप
नाही हो भटकेबुवा, हे दोन थर वेगळे. सह्याद्रीतले थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक आलेले लाव्हाचे लोंढे. आधी आला तो खाली, नंतर आला तो वर. तांबडी पट्टी म्हणजे दोन लोंढ्यांमधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून झालेली भाजकी माती. तिथे जड-हलकं असा काही निवाडा झालेला नाही.
आमच्याकडे कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटरचं विवर खणलंय, कराडची संशोधन प्रयोगशाळा ते काम बघते. साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत सगळा काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट. म्हणजे आपला अख्खा सह्याद्री जुन्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलेला आहे. ओटा आणि डोंगर दोन्ही मिळून पुन्हा भूकवचातच.

सह्यभटका
मान्य. इतकी वर्षं त्या पट्ट्या बघतोय, त्या भाजक्या मातीच्या आहेत हे आज कळलं. आभार.

तर्रीबाज
जड ते खाली, हलकं ते वर, एवढं सोपं आहे की. लोखंड जड म्हणून तळाला गेलं, दगड हलका म्हणून वर आला.

माजघर
मी आजी माणूस आहे, भूगोल जुन्या मॅट्रिकपर्यंतचा. पण वरचं सगळं वाचून मला लोणी कढवणं आठवलं. लोण्याचा गोळा बघा, त्यात तूप, ताक, बेरी सगळं एकजीव असतं, कुठलाही चमचा घ्या सारखाच. पातेलं मंद आचेवर ठेवलं की निवाडा सुरू होतो. फेस वर येतो, मध्ये तूप निवळतं, बेरी तळाला बसते. न तापवता लोणी कितीही दिवस ठेवा, वेगळं होणार नाही. पृथ्वीलाही असंच कोणी कढवलं होतं का?

दगडफोड्या
आजी, नमस्कार करतो. तीस वर्षांत इतकी चपखल उपमा मला सुचली नाही. हेच उत्तर आहे: एकदा वितळल्याशिवाय थर लागत नाहीत.
आच तीन ठिकाणांहून आली. लहानमोठे गोळे येऊन आदळत होते, त्या आदळण्याची उष्णता. लोखंड तळाकडे घसरत गेलं, त्या घसरणीची उष्णता. आणि किरणोत्सारी मूलद्रव्यं, त्यातही सुरुवातीच्या काळात ॲल्युमिनियम-२६. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे सात लाख वर्षांचं, म्हणजे ग्रहांच्या हिशेबात चिमूटभर वेळ. पण तेवढ्यात त्याने लहान लहान गोळेही आतून वितळवले. वेस्टा हा लघुग्रह जेमतेम सव्वापाचशे किलोमीटरचा आहे, तरी तो पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच कढून निघाला. त्याला गाभाही आहे आणि कवचही.

संत्रावाला
मंग आमच्या काटोलचा दगड म्हणजे न कढवलेलं लोणीच म्हणा ना बापा!
२२ मे २०१२, भर दुपार. मी वाड्यात बसलो होतो. असा आवाज झाला की घराची टिनं हालली. लोकाईले वाटलं कुठं स्फोट झाला. मंग कळलं की आभाळातून दगडं पडले. भूवैज्ञानिक आले, तुकडे जमा केले. मले एक तुकडा हातात घ्यायले भेटला होता. बाहेरून काळा, जळक्या भाकरीसारखा. तुटला होता तिथं आतून राखेच्या रंगाचा, अन् त्यात बारीक बारीक चमचम. ते लोखंडाचे कण आहेत म्हणून एका साहेबानं सांगितलं. लोहचुंबक लावलं तर ओढला गेला.

दगडफोड्या
संत्रावाले, तुम्ही या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा हातात धरलेला आहे! तो कॉन्ड्राइट जातीचा दगड. ती चमचम म्हणजे लोखंड, जे दगडातच विखुरलेलं राहिलं. ज्या गोळ्यातून तो आला, तो पुरता कढलाच नाही, म्हणून लोखंडाला तळाशी जायला वाट मिळाली नाही. आपली पृथ्वी वितळण्याआधी कशाची होती, ते बघायचं तर असा दगड बघावा.
आणि काटोलची कीर्ती एवढ्यावर थांबत नाही. २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना त्या दगडातल्या एका बारीक शिरेत ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीवर सगळ्यात जास्त असलेलं खनिज हेच, पण ते ६६० किलोमीटरच्या खाली, खालच्या प्रावरणात. तिथून ते जसंच्या तसं वर येत नाही, दाब उतरला की मोडतं. अंतराळात दोन गोळ्यांची टक्कर झाली, क्षणभर दोन लाख वातावरणांहून जास्त दाब आला आणि लगेच थंड झालं, म्हणून ते त्या शिरेत टिकलं. ज्या थरापर्यंत कुठलंच विवर पोचणार नाही, त्याचा नमुना काटोलच्या शिवारात येऊन पडला.

संत्रावाला
हे तर आमच्या इथं कोणालेच माहीत नाई. उद्या शाळेतल्या गुरुजीले सांगतो.

शंकासुर
तर्रीबाज यांच्या "जड ते खाली" वर परत येतो. सोन्याची घनता १९.३. युरेनियमची जवळपास तेवढीच. मग युरेनियम सगळं गाभ्यात असायला हवं होतं. झारखंडमध्ये जादुगोड्याला ते जमिनीतून खणून काढतात. का?

दगडफोड्या
उत्तम प्रश्न. याचं उत्तर तर्रीबाज यांच्याच पातेल्यात आहे. रस्सा केला की मीठ कुठे असतं आणि मिरचीचा रंग कुठे असतो?

तर्रीबाज
रंग तर्रीत. मीठ खालच्या रश्श्यात. नुसती तर्री चाटून बघा, अळणी लागते.

दगडफोड्या
मीठ आणि रंग काही वजनावरून वाटले गेले नाहीत. ज्याची ज्याच्याशी सोयरीक, तो त्याच्यात विरघळला. पृथ्वीच्या पातेल्यातही दोन द्रव होते, लोखंडाचा आणि खडकाचा. सोनं, प्लॅटिनम, निकेल यांची सोयरीक लोखंडाशी, ते त्याच्याबरोबर तळाला गेले. युरेनियमची ऑक्सिजनशी, ते खडकात राहिलं आणि पुढे वर वर, कवचात जमा झालं. जड-हलकं हा नियम त्या दोन द्रवांना लागतो, एकेका मूलद्रव्याला नाही.

तर्रीबाज
कबूल, माझं वाक्य मागे घेतो. पण मग आमच्या सराफाकडे सोनं कुठून आलं?

नीता_सिडनी
सगळ्यात मान्य असलेलं उत्तर असं की गाभा तयार झाल्यावर जे उल्कापाषाण येऊन आदळत राहिले, त्यांनी आणलेलं बरंचसं सोनं वरच राहिलं. तळाला जायचा रस्ता तोवर बंद झाला होता.

अर्धवट_उकड
विषयाला जोडून एक भर घालते. सगळ्यांचं सारखं कढलेलं नाही. गुरूचे दोन चंद्र, गॅनिमीड आणि कॅलिस्टो, शेजारी शेजारी, आकाराने जवळपास सारखे. गॅनिमीडमध्ये बर्फ, खडक आणि लोखंड असे थर वेगळे झाले, त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा आहे. कॅलिस्टोमध्ये बर्फ आणि खडक अजून बराच एकत्र आहे, निवाडा अर्धवटच. हे न खणता कसं कळलं, तर यान जवळून जाताना त्याच्या वाटेवर पडलेल्या ओढीवरून. उकडलेलं आणि कच्चं अंडं फिरवून ओळखतो, त्याच कुळातला हा प्रकार. आत वस्तुमान कसं वाटलंय, ते बाहेरून वागण्यात दिसतं.
आणि बुध! त्रिज्या २४४० किलोमीटर, त्यातले दोन हजारांच्या आसपास नुसता गाभा. आंब्याची कोय मोठी आणि गर नावाला, तसा ग्रह.

सह्यभटका
थरांमधली परिस्थिती किती बदलते याचं मला सगळ्यात नवल वाटलं ते चांद्रयान-३ च्या वेळी. विक्रमने मातीत तापमापक खुपसला होता. वर पन्नासच्या पुढे अंश, आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. वीतभरसुद्धा नाही! चंद्राची माती इतकी भुसभुशीत आणि हवा नसलेली, की ऊन खाली झिरपतच नाही.

अर्धवट_उकड
आणि प्रग्यानने त्याच मातीची तपासणी केली, शंभरेक मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी. खडक मुख्यतः फेल्डस्पारचा निघाला. वितळलेल्या चंद्रावर हलकं पांढरं फेल्डस्पार तरंगत वर आलं आणि त्याचं कवच झालं, या मताला त्याने बळ मिळालं. पौर्णिमेला चंद्र जो पांढरा दिसतो ना, तो त्या तरंगून आलेल्या थरामुळे. त्यावरचा काळा ससा म्हणजे नंतर आलेला बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच जातभाई.

सईची_आई
मंडळी, आज रविवार. आम्ही दोघींनी माजघर आजींचं ऐकून लोणी कढवलं. सई स्टूल घेऊन ओट्याशी उभी होती. आधी पिवळा गोळा कडेने सुटायला लागला, मग फेस धरला, तडतड झाली, आणि तडतड थांबल्यावर फेसाखाली सोनेरी तूप दिसायला लागलं. तळाला तांबूस बेरी. तिने वहीत तसंच्या तसं चित्र काढून फेसाला कवच, तुपाला प्रावरण आणि बेरीला गाभा अशी नावं दिली. मातीच्या गोलाचं प्रावरण आता हिरवं झालंय. बाईंनी विचारलं तर उत्तर तयार आहे.
पण तूप गाळताना तिने पुढचा प्रश्न टाकलाच. चंद्रही वितळला होता ना, मग त्याच्या तळाला किती बेरी बसली?

दगडफोड्या
फारच थोडी. चंद्राची त्रिज्या १७३७ किलोमीटर, आणि त्याचा गाभा साडेतीनशेच्या आसपास. वजनाच्या हिशेबात शंभरात एकदोन भाग. पृथ्वीचा गाभा मात्र तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे.
कारण सईला तिच्याच पातेल्यात दाखवा. पृथ्वी कढून निवळली होती, बेरी तळाला बसली होती, आणि तेव्हा मंगळाएवढा एक गोळा येऊन तिच्यावर आदळला. त्याचं लोखंड पृथ्वीच्या गाभ्यात जाऊन मिळालं. वर उडालं ते मुख्यतः दोघांच्या प्रावरणातलं, म्हणजे वरचं निवळलेलं तूप. त्यापासून चंद्र झाला. निवळ तूप दुसऱ्या भांड्यात काढून पुन्हा कढवलं तर बेरी कितीशी बसणार?

माजघर
भांड्याला लागते तेवढीच. पण सईबाई, तुमच्या पातेल्यातली बेरी टाकली तर नाही ना? त्यात गूळ घालून खा.

सईची_आई
आजी, गोल बाजूला ठेवून ती आत्ता तेच करतेय.